ल्युकेमियाच्या औषधांनंतर मुलीचा तोल जातो, घरी कोणते व्यायाम करून घ्यावेत?

कृष्णाकाठची_आई

नमस्कार. माझी मुलगी साडेसहा वर्षांची आहे. तिला बी-सेल एएलएल, म्हणजे एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर आहे. सुरुवातीचे जड टप्पे पार पडले, आता मेंटेनन्स, म्हणजे हलक्या औषधांचा लांब टप्पा, चालू आहे. रोज रात्री ६-एमपीची गोळी, आठवड्याला मेथोट्रेक्सेट, महिन्याला विन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आणि त्याला जोडून पाच दिवस डेक्सा, म्हणजे स्टिरॉइड. रिपोर्ट चांगले आहेत, केस परत आलेत, जेवतेही पोटभर. पण तिच्या चालण्याचं काय करावं ते कळेनासं झालंय.

सपाट फरशीवर चालता चालता पडते. वाटेत काही नसतं, तरी पडते. चालताना पाऊल फट फट वाजतं, दुसऱ्या खोलीतून कळतं की तीच येतेय. जमिनीवरून उठायचं तर आधी दोन्ही हात फरशीवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर रेटत वर येते. आमच्याकडे देशी संडास आहे. उकिडवी बसली की टाचा टेकतच नाहीत, चवड्यांवर राहते आणि मागे कलंडते, म्हणून मला पुढे उभं राहून हात धरावे लागतात. आणि सगळ्यात जास्त मला खटकतं ते आंघोळीचं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की ती लगेच भिंत चाचपडते. भिंत हाताला लागली नाही तर डुलायला लागते. आजारपणाआधी हे काही नव्हतं. गल्लीत लंगडी खेळायला हीच पुढे असायची.

सासूबाई म्हणतात अशक्तपणा आहे, खारीक-तूप दे, पळवू नकोस. ओपीडीत विचारलं तर सांगितलं की औषधाचा परिणाम आहे, औषधं संपली की सुधारेल. तिथे गर्दी इतकी असते की त्यापुढे बोलणं होत नाही. पण औषधं संपायला अजून वर्षाच्या वर वेळ आहे. जूनपासून शाळेत पाठवायचं आहे. तोवर नुसती वाट बघायची का? आमच्या गावातले फिजिओ भले आहेत, पण त्यांच्याकडे गुडघे-कंबरेची वयस्कर माणसं येतात, असं मूल त्यांनी कधी हाताळलेलं नाही.

कोणते व्यायाम, किती, आणि कधी करू नयेत? प्लेटलेट कमी असताना पडली तर, ही धास्ती वेगळीच. डेक्साच्या दिवसांत तर ती कुणाला जवळच येऊ देत नाही. ज्यांनी यातून मूल बाहेर काढलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


पाऊलवाट_नाशिक

ताई, मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, आणि रक्ताच्या कॅन्सरचे उपचार चालू असलेली मुलं माझ्याकडे बरीच वर्षं येतात. तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की अर्धी तपासणी तुम्हीच केली आहे. हा परिच्छेद जसाच्या तसा कागदावर उतरवा आणि पुढच्या वेळी ओपीडीत डॉक्टरांच्या हातात द्या. "पाय दुखतात, पडते" एवढं सांगितलं तर गर्दीत ते वाहून जातं. "टाचा टेकत नाहीत, डोळे मिटले की तोल जातो, उठताना मांडीवर हात रेटते" हे वाचलं की कोणताही डॉक्टर थांबून बघेल.

हा अशक्तपणा नव्हे. खारीक-तूप प्रेमाने द्या, पण त्याने हे जाणार नाही. तिच्या पायांत एकाच वेळी तीन गोष्टी झाल्यात आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

पहिली गोष्ट नसांची. विन्क्रिस्टिन आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळतं. पेशीच्या आत अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्यांची जुळणी हे औषध होऊ देत नाही, म्हणून कॅन्सरच्या पेशीला दुभागता येत नाही. पण नसेच्या आतला मालही अशाच नळ्यांवरून टोकापर्यंत पोचतो. शरीरात सगळ्यात लांबचा पल्ला कंबरेपासून पावलापर्यंतचा. कालव्याच्या टेलच्या शेताला जसं पाणी आधी तुटतं, तसं या नसांचं टोक आधी उपाशी पडतं. मग पाऊल वर उचलणारा स्नायू ढिला होतो आणि पाऊल फटकन आपटतं. पावलाखाली जमीन कशी आहे, घोटा किती कललाय, ही खबर मेंदूला देणाऱ्या नसाही त्याच. ती खबर अर्धवट मिळते म्हणून मूल डोळ्यांनी भरपाई करतं, खाली बघत चालतं. साबण लावला, डोळे मिटले, की भरपाई बंद. तुम्हाला आंघोळीचं खटकलं ते अगदी योग्य खटकलं. अंधारात, लाइट गेल्यावर, डोक्यावरून फ्रॉक काढताना पडण्याची शक्यता याच कारणाने जास्त असते.

दुसरी गोष्ट पोटरीची. पाऊल खाली लोंबत राहिलं आणि आजारपणात दिवसच्या दिवस पलंगावर गेले की टाचेमागची जाड शीर आखडते. उकिडवं बसताना टाचा न टेकणं ते हेच. तिसरी गोष्ट मांडी आणि खुब्याच्या स्नायूंची. ते स्टिरॉइडने झिजतात, म्हणून उठताना हातांचा आधार आणि जिन्यावर कठडा.

आता मला जे सगळ्यात आवर्जून सांगायचंय ते. तोल सावरण्याचे व्यायाम म्हटलं की लोक मुलाला थेट एका पायावर उभं करतात. आखडलेल्या घोट्यावर उभं केलेलं मूल पडणारच. पडलं की घाबरतं, आणि घाबरलेलं मूल गुडघे ताठ करून चालतं, म्हणजे आणखी पडतं. म्हणून आधी घोटा मोकळा करायचा, मग ताकद, आणि तोल त्या दोन्हींच्या मागून. हा क्रम मोडू नका. आणि औषधं संपायची वाट बघू नका. नसा सावकाश भरून येतात, बहुतेक मुलांत बऱ्यापैकी येतात, काहींत थोडं मागे राहतं. पण त्या भरून येईपर्यंत पोटरी आखडून बसली तर नस सुधारूनही पाऊल वर येणार नाही. वाट बघण्यात नुकसान आहे ते इथे.

पोटरी ताणायची रीत लिहिते, कारण यातच घरोघरी चुकतं. मुलीला उताणं झोपवा, गुडघा सरळ. तुमच्या तळहाताच्या वाटीत तिची टाच घ्या, बोटांनी टाच नीट पकडा, आणि तुमच्या हाताचा कोपरापर्यंतचा भाग तिच्या तळपायाला टेकवा. आता टाच स्वतःकडे ओढा आणि हाताने अख्खं पाऊल तिच्या नडगीकडे कलवा. जोर टाचेतून यायला हवा. नुसते चवडे दाबले तर पावलाची कमान मधूनच मोडते आणि पोटरी तशीच राहते. पोटरीत ओढ जाणवली पाहिजे, दुखता कामा नये. तीस सेकंद धरा, सोडा. असं तीन-चार वेळा, दोन्ही पायांना, मग तेच गुडघा थोडा वाकवून, कारण पोटरीत दोन थर आहेत आणि वाकवल्याशिवाय आतला थर ताणला जात नाही. हे रोज. आठवड्यातून पाच दिवस तरी. तिला स्वतः करायचं असेल तर पाय पसरून बसवून चवड्यांभोवती पंचा टाकून ओढायला द्या. चालायला पाऊल काटकोनाच्या पुढे साधारण दहा अंश यायला हवं. पहिल्या दिवशी बाजूने मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि महिन्याने त्याच जागेवरून परत काढा.

ताकदीसाठी दोन गोष्टी पुरेत. एक, टाचांवर चालणं, म्हणजे चवडे हवेत. आधी ओट्याला हात लावून, मग सुटं. पाच पावलं जमली तरी शाबासकी. ते जमत नसेल तर खुर्चीवर बसून टाच टेकलेली ठेवून गाण्याच्या ठेक्यावर चवडे आपटायचे. दोन, बसून उठणं. सुरुवात खुर्चीवरून, हात छातीवर बांधून. ते सहज जमलं की स्टुलावरून, मग पाटावरून. मला वजनं-बिजनं नकोत, तिचं अंग हेच वजन आहे. दहा वेळा उठताना आठव्याला थोडं जड जावं, इतपत उंची ठेवा.

मग तोल. खोलीचा कोपरा निवडा, म्हणजे दोन्ही बाजूंना भिंत आणि समोर तुम्ही. आधी पाय जुळवून उभं राहणं. मग एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावून. मग एक पाय. हे प्रत्येक जमलं की हातात काहीतरी काम द्या: फुगा टोलवणं, चेंडू झेलणं, भिंतीवर खडूने चित्र काढणं. लक्ष दुसरीकडे असताना तोल राहिला पाहिजे, शाळेच्या मैदानावर नेमकं तेच लागतं. त्यानंतर पायाखाली घडी केलेली गोधडी. डोळे मिटून उभं राहणं सर्वात शेवटी, आणि तुमचे हात तिच्या कमरेपाशी असतानाच. पाच-सहा वर्षांचं मूल एका पायावर साधारण दहा सेकंद राहतं. तुमची आज दोन सेकंद राहिली तर दोन लिहा. महिन्यातून एकदाच मोजा. रोज मोजलं तर ती परीक्षा होते आणि मुलं परीक्षेला कंटाळतात.

सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं, हवं तर सकाळ-संध्याकाळ वाटून.

कधी नाही ते नीट वाचा. ताप असेल तर व्यायाम नाही, थेट दवाखाना, हे तुम्हाला माहीतच आहे. पाठीत इंजेक्शन दिलेल्या दिवशी विश्रांती, डोकं दुखत असेल तर दुसऱ्या दिवशीही. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर आम्ही उड्या, पळापळ, सायकल बंद ठेवतो, ताणणं आणि बसून करायचे व्यायाम चालतात. २० हजारांच्या खाली गेल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही नाही. तुमच्या डॉक्टरांचे आकडे वेगळे असतील तर त्यांचेच पाळा. काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, कमी असताना वाळूत, मातीत खेळ नकोत. तळपायांना कमी जाणवतं म्हणून रोज रात्री तळवे बघा, काटा टोचलेला तिला कळणारही नाही.

आणि हे दुखणं अंगावर काढू नका: खुब्यात, जांघेत किंवा गुडघ्यात दुखून लंगडणं. स्टिरॉइडमुळे हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. दहा वर्षांवरच्या मुलांत हे जास्त दिसतं, पण लहानातही होतं. खुब्याचं दुखणं बरेचदा गुडघ्यात जाणवतं, त्यामुळे "गुडघा दुखतोय, पडली असेल" म्हणून सोडू नका. साध्या एक्स-रेत सुरुवातीला दिसत नाही, एमआरआय लागतो. हे तपासून होईपर्यंत उड्या आणि लंगडी बंद. तसंच पाठीच्या मणक्यात एकाच जागी दुखणं. हाडं ठिसूळ झालेली असतात, मणका दबू शकतो.

डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी सांगा. तिला सध्या बुरशीवरचं औषध चालू असेल, म्हणजे व्होरिकोनाझोल, इट्राकोनाझोल, पोसाकोनाझोल असं काही, तर ते नक्की. ही औषधं विन्क्रिस्टिन शरीरात रेंगाळत ठेवतात आणि नसांचा त्रास वाढतो. आणि घरात कुणाची पावलं खूप उंच कमानीची, पोटऱ्या काटकुळ्या, चालताना पाऊल आपटणारी अशी असतील तर तेही. नसांचा एक आनुवंशिक आजार असतो, त्यात हे औषध फार बाधतं. पण इंजेक्शन कमी करायचं, पुढे ढकलायचं की तसंच द्यायचं, हा निर्णय त्यांचा. कॅन्सर बरा होतोय तो याच औषधाने, हे विसरू नका.

तुम्ही विचाराल, याला पुरावा काय. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मेंटेनन्समधली ४ ते १५ वर्षांची २८ मुलं होती. जवळपास निम्म्यांनी चार महिने घरी घोटा ताणणं, पायांची ताकद आणि रोज थोडा चालण्यासारखा व्यायाम केला. त्यांचं पाऊल स्वतःहून जास्त वर येऊ लागलं आणि गुडघा सरळ करण्याची ताकद वाढली. नेदरलँड्समध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र दोन वर्षांच्या व्यायामाचा नेहमीच्या देखभालीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, आणि घरी व्यायाम नियमित झाला नाही हे त्यामागचं संभाव्य कारण संशोधकांनीच दिलं. हे दोन्ही एकत्र वाचलं की मला एकच दिसतं. व्यायाम कोणता यापेक्षा तो रोज होतो का, यावर सगळं अडतं. म्हणून थोडा द्या, पण चुकवू नका.


जळगावचा_बाबा

पाऊलवाट ताईंनी सगळं लिहिलंय, मी फक्त घरात कसं जमवलं ते सांगतो. माझा मुलगा पाच वर्षांचा असताना आजार निघाला, परळला टाटात उपचार झाले, आता तो सातवीत आहे.

व्यायामाची वेळ ठरवू नका, व्यायाम एखाद्या सवयीला बांधा. आमच्याकडे पोटरी ताणणं झोपायच्या गोष्टीला बांधलं होतं. गोष्ट मी सांगणार, पाय माझ्या हातात. गोष्ट अर्ध्यावर आली की पाय बदलायचा. त्याला कधी व्यायाम वाटलाच नाही. दात घासताना एका पायावर, वरचे दात डावा, खालचे उजवा, बेसिनला एक हात. जिना म्हणजे रोजचा व्यायाम, फक्त उतरताना तुम्ही एक पायरी खाली राहा.

डेक्साच्या दिवसांबद्दल: त्या दिवसांत माझा मुलगा तर रात्री दोनला उठून बटाट्याची भाजी मागायचा आणि नाही म्हटलं की भिंतीवर डोकं. त्या पाच दिवसांत आम्ही फक्त ताणणं ठेवलं, तेही झोपेत असताना. हो, झोपेत करता येतं, तेव्हा पाय सैल असतात. तिच्या मागे लागू नका. ती तेव्हा ती नसते.

चपला बंद करा. पाऊल उचलत नाही तेव्हा मोकळी चप्पल पुढे सरकते आणि मूल तोंडावर पडतं. मागून बंद, वेल्क्रोचे बूट, घरातसुद्धा. आणि संडासात समोरच्या भिंतीला, तिच्या छातीच्या उंचीवर लोखंडी दांडी बसवून घ्या. वेल्डरकडे तासाभराचं काम आहे. मुलाला आईबापाने हात धरून बसवणं नको असतं, ते सांगत नाहीत एवढंच.

गावात लहान मुलांचा फिजिओ नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी म्हणून विभाग असतो, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालतो, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. तिथे फिजिओ असतात आणि लहान मुलं हाताळायची त्यांना सवय असते. जाताना फाइल आणि ताजा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींचा रिपोर्ट, घेऊन जा, आणि बाकीची खोकणारी पोरं जिथे बसलीत तिथे तासन्‌तास बसू नका, आधी फोन करून वेळ मागा.


मैदानावरचा_मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, सातारा जिल्हा. माझ्या वर्गात असं एक मूल होतं म्हणून लिहितो.

ताई, जूनमध्ये शाळेत जाल तेव्हा "हिला खेळायला लावू नका" असं सांगू नका. तसं सांगितलं की शिक्षक घाबरतात आणि मूल तीन वर्षं व्हरांड्यात दप्तरं राखत बसतं. उलट लिहून द्या की काय चालेल. पाऊलवाट ताईंसारख्या कुणाकडून एक कागद आणा: चालणं हो, चेंडू टाकणं-झेलणं हो, ढकलाढकली नाही, उड्या सध्या नाहीत, दुखलं तर आईला फोन. शिक्षकाला असा कागद हातात मिळाला की हायसं वाटतं.

लंगडी ती खेळायची असं लिहिलंय, म्हणून सांगतो. आमच्याकडे त्या मुलाला धावणाऱ्यांत घेतलं नाही, कारण त्यात धडक बसते. पण आखलेल्या चौकटींचा ठिकरीचा खेळ होता, त्यात त्याला दोन पायांनी जायची मुभा दिली. बाकीच्या पोरांनी एकदाच विचारलं का, मी सांगितलं की त्याचे पाय आजारातून उठतायत. पुढे कुणी विचारलं नाही. काही महिन्यांनी तो पहिल्या दोन चौकटी एका पायाने जाऊ लागला, भिंतीकडून. हे मी ठरवलं नव्हतं, त्याने ठरवलं.

रांगेत अशा मुलाला सगळ्यांत पुढे किंवा सगळ्यांत मागे उभं करायला सांगा, मधे नको. मधल्याला दोन्हीकडून धक्के बसतात. घंटा व्हायच्या दोन मिनिटं आधी वर्गातून सोडलं तर जिन्यावरची चेंगराचेंगरी टळते.


निळी_सायकल

मी स्वतः आठव्या वर्षी एएलएलमधून गेलेय, आता पुण्यात बी.एस्सी.ला आहे. आईंना एक सांगायचंय. ती तुम्हाला सांगते त्यापेक्षा जास्त वेळा पडत असणार. मी लपवायचे, कारण मी पडले की आईचा चेहरा बदलायचा आणि मग दोन दिवस मला कुठे सोडत नसत. तुम्ही शांतपणे "आज कुठे तोल गेला?" असं विचारलंत, जसं "आज डब्यातलं काय उरलं?" विचारतो तसं, तर ती सांगेल. आणि ते कळणं गरजेचं आहे, कारण कुठे पडते त्यावरून काय करायचं ते ठरतं. मी नेहमी उंबऱ्यावर पडायचे. फिजिओला ते कळल्यावर त्यांनी मला फक्त उंबरा ओलांडायचाच सराव दिला, आधी दोरी, मग वही, मग वीट.

माझ्या घोट्यावर डॉक्टर हातोडी मारतात तेव्हा आजही पाय उडत नाही. पण मी सिंहगड चढते. अंधारात उतरत नाही, टॉर्च असतोच. इतकाच फरक राहिलाय.


कृष्णाकाठची_आई

तुम्हा सगळ्यांचं वाचून रडले आणि मग कामाला लागले. यादी लिहून नेली होती. डॉक्टरांनी तिला टाचांवर चालायला लावलं, एकही पाऊल जमलं नाही. घोट्यावर हातोडी मारून पाहिली. खुबे तपासले, ते ठीक आहेत, दुखत नाहीत. बुरशीचं औषध चालू नाही. पुढच्या इंजेक्शनचं ते ठरवून सांगतील. फिजिओकडे पाठवलंय आणि एएफओ, म्हणजे घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा प्लास्टिकचा पट्टा, लिहून दिलाय.

पोटरी ताणणं सुरू केलंय. जळगावच्या दादांनी सांगितलं तसं गोष्टीला बांधलं. पहिले दोन दिवस पाय ओढून घ्यायची, आता स्वतःच पाय पुढे करते, कारण तिला गोष्ट हवी असते. दांडी बसवली, आता मला संडासाच्या बाहेर उभं राहायला सांगते.

आता प्रश्न एएफओचा. सासरे म्हणतात, आधाराची सवय लागली की स्नायू आळशी होईल, कायमचा पट्टा लागेल. मलाही ते प्लास्टिक पायात घालवत नाही. घालावाच का? दिवसा की रात्री?


पाऊलवाट_नाशिक

घाला. स्नायू आळशी होत नाही. आत्ता ती दर पावलाला मांडी जास्त उचलून, कंबर वाकडी करून चालतेय, तीच सवय मुरते आणि पुढे मोडायला जड जाते. एएफओने पाऊल काटकोनात राहतं, पडणं कमी होतं, आणि पडणं कमी झालं की ती जास्त चालते. जास्त चालली की मांड्यांची ताकद आपोआप वाढते. शाळेत, रस्त्यावर, बाजारात एएफओ. घरात तुमच्या समोर व्यायाम करताना अनवाणी, म्हणजे तळव्याला जमीन कळते आणि स्नायूलाही काम मिळतं.

रात्रीचा वेगळा असतो, तो पोटरी ताणलेली ठेवायला. पोटरी आखडून पाऊल हाताने पुरेसं वर येत नसेल तर तो लागतो. तुमच्या फिजिओंना मोजू द्या. दिवसाचा बनवताना घोट्याला सांधा असलेला करता येईल का ते विचारा, म्हणजे पाऊल खाली पडत नाही पण वर जायला मोकळं राहतं आणि उकिडवं बसताना आडवं येत नाही. पोटरी फार आखडली असेल तर सांध्याचा चालत नाही, म्हणून हे विचारूनच.

आत घट्ट सुती मोजा, सुरकुती नको. पहिल्या दिवशी अर्धा-पाऊण तास घालून काढा आणि कातडी बघा. लाल खूण वीस-पंचवीस मिनिटांत गेली तर ठीक. राहिली, किंवा फोड दिसला, तर घालणं थांबवून बनवणाऱ्याकडे परत. तिला टोचलेलं कळेलच असं नाही, म्हणून बघायचं तुम्ही. मूल वाढतं, तेव्हा दर काही महिन्यांनी तो लहान होणार, हे धरून चाला.

माप द्यायला जाताना जूनसाठीचे शाळेचे बूट अजून घेतले नसतील तर घेऊ नका. एएफओ हातात आल्यावर तो पायात घालूनच दुकानात जा, बहुतेक एक नंबर मोठा लागेल, आणि आतलं सुटं सोल काढता येणारा बूट बघा. दुसऱ्या पायालाही तसाच त्रास आहे का ते मापाच्या दिवशीच विचारा. एकाच पायाचा लिहिला असेल तर दुसऱ्या बुटात पातळ सोल घालून दोन्ही उंच्या सारख्या करून घ्याव्या लागतात.